‘ठाण्याला पाठवू का?’ ही थट्टा आता पुरे

महाराष्ट्रात कुठंही कुणाची टिंगल करायची झाली की ‘याला ठाण्याला नेऊन सोडा’ म्हणतात. आपण तर ठाण्यातच राहतो. १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय वर्तकनगर, भीमनगर, लोकमान्यनगरपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ते जवळ असूनही त्याची भीती काही कमी झालेली नाही. ‘लोक वेडा म्हणतील’ या धास्तीनं कॉलेजात जाणारी आपली मुलं-मुली मनातलं बोलत नाहीत आणि आईवडीलही विचारत नाहीत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर समुपदेशनाविषयी लिहीत आहोत.

ओझं कशाचं?

वस्तीतल्या कितीतरी घरांत विद्यापीठाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. साऱ्या घराची आशा एका पोरावर किंवा पोरीवर असते. एकाच खोलीत स्वयंपाक, टीव्ही आणि अभ्यास. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढं सगळं इंग्रजीत. शिष्यवृत्ती रखडते, फीची तारीख मात्र थांबत नाही. त्यात वर्गात कुणीतरी विचारतं, ‘तू कोणत्या कोट्यातून आलास?’ घरी सांगावं, तर आई-बाबा आधीच थकलेले. मग मूल गप्प होतं आणि आपण म्हणतो, ‘मोबाइलनं डोकं फिरवलंय.’

हे गप्प राहणं कुठवर जातं, ते आपण पाहिलं आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेल्या. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी, कॉलेजांतला जातीभेद थांबावा म्हणून, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दोन आयांना लेकरं गमावल्यावर जे करावं लागलं, ते आपण वेळेआधी करू या.

लक्ष कधी द्यायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडणं, जेवण तुटणं, कॉलेज टाळणं, मित्रांपासून दूर राहणं, सतत चिडचिड, ‘माझ्यामुळं घराला त्रास’ असं बोलणं. पोटदुखी-डोकेदुखी चालूच राहते आणि तपासणीत काही निघत नाही, हेही एक लक्षण. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं मूल म्हणालं, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

अशा वेळी कुणीतरी ‘बाहेरचं बघा’ म्हणून भगताचं नाव सुचवतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरानं तरी तिकडं वेळ घालवू नये.

समुपदेशनात होतं काय?

समुपदेशक औषध देत नाही आणि उपदेशही करत नाही. साधारण पाऊण-एक तास तो ऐकतो, प्रश्न विचारतो, गुंता सोडवायला मदत करतो. एका भेटीत सगळं सुटत नाही. काही भेटी लागतात. सांगितलेलं गुप्त राहतं. जिवाला धोका दिसला, तरच इतरांना कळवलं जातं. त्यामुळं बाहेर आल्यावर ‘काय काय सांगितलंस?’ म्हणून मुलाच्या मागं लागू नका. गरज वाटली, तर समुपदेशक मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवतो. उदासीनतेच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ती मनानं बंद करू नयेत.

हा आपला हक्क आहे

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. मदतीचे फोन क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावले पाहिजेत. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव न करता कसं वागावं, याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलं पाहिजे.

तेव्हा कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा: ‘समुपदेशक कोण आहेत? कोणत्या वारी, किती वाजता बसतात?’ ‘नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

मात्र दुखणं जातीच्या टोमण्यांचं असेल, तर नुसतं ‘मन घट्ट कर’ हा त्यावरचा उपाय नव्हे. चूक मुलाची नाही, हे आधी त्याला सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा लागतो. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवून तिथं तक्रार करा. समुपदेशन आणि तक्रार, दोन्ही बरोबरीनं चालू शकतात.

मदत कुठं?

‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं तपासून घेणं म्हणजे भरती होणं नव्हे. तपासून, औषध घेऊन माणसं घरी जातात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही समुपदेशन करणारी संस्थाही ठाण्यातच आहे.

आणि घरात? आज रात्री जेवताना टीव्ही बंद ठेवा. ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘कॉलेजात कसं वाटतंय?’ असं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. उद्या पुन्हा विचारा. ‘नापास झालास तरी तू आमचाच आहेस’ हे एकदा तोंडानं बोलून दाखवा. मुलांना ते माहीत असेल, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते त्यांना माहीत नसतं.