हिमउतारावर (भाग ७) : तीनशे मीटरांची अडचण

लिथुआनियातली सर्वांत उंच जागा म्हणजे आउक्श्तोयास नावाची टेकडी. तिची उंची पुरती २९४ मीटरही भरत नाही. आता दुसरा आकडा पाहा. ऑलिम्पिकच्या जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या गेट्समधून वळत बर्फाचा उतार उतरण्याच्या शर्यतीत, सुरुवातीची जागा आणि शेवटची रेषा यांच्या उंचीत किमान ३०० मीटरांचा फरक असावा लागतो. म्हणजे त्या टेकडीच्या माथ्यापासून थेट बाल्टिक समुद्राच्या पाण्यापर्यंत उतार नेला, तरी एक जायंट स्लॅलम नियमात बसणार नाही. अशा देशाचा आंद्रेय द्रुकारोव २०१८ मध्ये प्याँगचँगला आणि २०२२ मध्ये बीजिंगला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आल्पाइन स्कीइंगच्या शर्यतीत उतरला. पहिल्या खेपेला तो अठरा वर्षांचा होता.

तो पहिलाच नव्हता. त्याच्याआधी विताली रुम्यान्सेव २००६ आणि २०१० ला गेला होता. २०१४ ला सोचीत रोकास झावेत्स्कास आणि इएवा यानुश्केविच्यूते होते. इएवा प्याँगचँगलाही होती, आणि बीजिंगला द्रुकारोवसोबत गाबिया शिंकूनाइते गेली. दर चार वर्षांनी एक-दोन नावं, यापलीकडे ही यादी जात नाही. पदकांच्या तक्त्यात यांतलं कुणी सापडत नाही. मग अशा खेळाडूची कारकीर्द मोजायची कशाने? उत्तर आहे फिस गुण. फिस म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघ. हे गुण नीट समजले की निकालपत्रकाच्या तळाकडची नावंही वाचावीशी वाटतात, म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी.

हे गुण जितके कमी तितके चांगले. विजेत्यापेक्षा तुम्ही किती टक्के हळू होता, हा त्यातला मुख्य प्रश्न. जायंट स्लॅलमसाठी त्या प्रमाणाला १०१० ने गुणतात, आखूड वळणांच्या स्लॅलमसाठी ७३० ने. समजा, विजेत्याला दोन्ही फेऱ्या मिळून १२० सेकंद लागले आणि तुम्हाला १२६. तुम्ही ५ टक्के हळू, म्हणून तुमचे ५०.५ गुण. पण विजेता कोण होता, हेही पाहायला हवं. गल्लीतल्या शर्यतीत पाच टक्क्यांनी मागे राहणं वेगळं आणि जगज्जेत्याच्या मागे राहणं वेगळं. म्हणून प्रत्येक शर्यतीला एक पेनल्टी असते आणि ती सगळ्यांच्या गुणांत मिळवली जाते. शर्यतीत उतरलेल्यांपैकी आणि पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच-पाच खेळाडूंचे आधीचे गुण घेऊन ती काढतात. वर्ल्ड कप आणि ऑलिम्पिकला ती शून्य. जिथे कुणीच नावाजलेला नाही, अशा छोट्या शर्यतीत ती इतकी मोठी होते की पहिला येऊनही हाती फारसं काही लागत नाही.

लिथुआनियन मुलाच्या आयुष्यावर याचा परिणाम असा होतो की घरच्या मैदानात जिंकून त्याला वर चढता येत नाही. त्याला आपल्यापेक्षा वेगवान माणसांच्या शर्यती शोधत आल्प्समध्ये, स्कँडिनेव्हियात फिरावं लागतं आणि तिथे हरता हरता गुण कमी करावे लागतात. बाल्टिक देशांच्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा अनेकदा परदेशातल्या डोंगरावर भरतात. घरी २०११ पासून द्रुस्किनिन्काईला बंदिस्त स्नो अरेना आहे. तिथला मुख्य उतार ४६० मीटर लांब आहे. स्लॅलमची जवळजवळ रोवलेली गेट्स आणि पायांची लय घोटायला तो उपयोगी पडतो. जायंट स्लॅलमचं तसं नाही. पुरुषांच्या स्कीची वळणत्रिज्या किमान ३० मीटर असते. अशा लांब वळणांत वेग साठू लागतो न लागतो तोच अरेनाचा उतार संपलेला असतो. मिनिटभर चालणाऱ्या फेरीत शेवटच्या दहा गेट्सना मांड्या पेटलेल्या असताना स्कीची कड धरून ठेवणं घरी शिकताच येत नाही. माझ्या मते या खेळाडूंची खरी उणीव पैशापेक्षा इथे आहे.

गुण जास्त असण्याची आणखी एक किंमत असते. पहिल्या फेरीत धावण्याचा क्रम गुणांवरून ठरतो. उत्तम पंधरा जण आधी जातात, कोऱ्या उतारावरून. साठावा माणूस येईपर्यंत प्रत्येक गेटापाशी खोल चर पडलेले असतात. जो आधीच हळू, त्याच्याच वाट्याला वाईट रस्ता येतो. हे कठोर आहे, तरी मला ही पद्धत न्याय्य वाटते. पन्नासाव्या क्रमांकावरून निघून चांगली वेळ दिली, तर पुढच्या यादीत गुण उतरतात आणि पुढचा नंबर अलीकडे सरकतो. वशिल्याला तिथे जागा नाही.

यादीतले गुण काढताना वर्षभरातल्या फक्त सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी घेतात. बाकी सगळे निकाल सोडून दिले जातात. त्यामुळे छोट्या देशाचा स्कीपटू वर्षभर जुगार खेळतो. पडला तर गुणांत काहीच जात नाही, साधलं तर ऑलिम्पिकच्या दारात पोहोचतो. बीजिंगसाठी स्लॅलम आणि जायंट स्लॅलमचं दार १६० गुणांवर होतं. डाउनहिलसारख्या वेगाच्या प्रकारांसाठी ते ८० वर होतं, म्हणून ही मंडळी सहसा पहिल्या दोन प्रकारांतच दिसतात.

ऑलिम्पिकच्या दिवशी मात्र गणित उलटं होतं. चार वर्षं ज्या बेफिकिरीने गुण मिळवले, तीच बेफिकिरी तिथे घात करते, कारण तिथे शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचायचं असतं. १३ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंग ऑलिम्पिकच्या पुरुषांच्या जायंट स्लॅलमवेळी यानचिंगच्या उतारावर इतका बर्फ पडत होता की पुढचं गेट धूसर दिसत होतं. दुसरी फेरी लांबवावी लागली. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने २ मिनिटं ९.३५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. उतरलेल्या ८९ जणांपैकी जवळपास निम्मे बाद झाले आणि त्यांत मोठ्या देशांचे खेळाडूही होते. द्रुकारोव याच शर्यतीत होता. काश्मीरचा आरिफ खानही होता. तो भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव खेळाडू. त्याने २ मिनिटं ४७.२४ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि ४५ वा आला. वरच्या सूत्राने त्याचे गुण सुमारे २९६ होतात. वर्षातल्या त्याच्या दोन चांगल्या निकालांपुढे हा आकडा यादीत धरलाही जात नाही. तरी त्या हवेत दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून त्याचं नाव निकालपत्रकात आलं.