डोंगर उतरून समुद्राला : सात दिवसांच्या सहलीचा आमचा हिशेब

आज आम्ही बोलणार आहोत फिरायला जाण्याबद्दल. देवाला नाही, माहेरी नाही, दवाखान्यात नाही. नुसतं फिरायला, सात दिवस, घर सोडून.

आमचा बचत गट माण तालुक्यातला, साताऱ्याच्या दुष्काळी भागातला. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्यातल्या निम्म्या जणींनी पंढरपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. गटातल्या थोरल्या मावशी बाहत्तरच्या दुष्काळात पोरवयात खडी फोडायला होत्या. एका बैठकीत त्या म्हणाल्या, "पाणी नाही म्हणून जन्म गेला. जिथं पाणी संपत नाही, ती जागा एकदा बघायची आहे. गुडघे अजून चालतात तोवर न्या." त्या वाक्यावर सहल ठरली. ती कशी आखली ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आधी वाट ठरवली

समुद्रही बघायचा आणि थंड हवेचा डोंगरही. उगाच इकडून तिकडे धावण्यापेक्षा आम्ही नद्यांची वाट धरली. महाबळेश्वरला कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा पूर्वेला जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. आपली माणगंगा भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे आपलं पाणीही तिकडेच. सावित्री मात्र डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरते आणि पोलादपूर, महाड करत हरिहरेश्वर-बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणून ठरलं, सावित्रीबरोबर समुद्रावर जायचं आणि कोयनेबरोबर परत यायचं. असं गोल फिरलं की एकच रस्ता दोनदा लागत नाही आणि पैसेही वाचतात.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर नाहीच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबेनळी घाटात दरडी येतात, रस्ता बंद होतो. समुद्रही खवळलेला असतो. एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावर घामाने जीव नकोसा होतो. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे गर्दी, आणि खोल्यांचे भाव चढलेले. आम्ही नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर, संक्रांतीच्या आधीचा आठवडा धरला. शाळू उभा होता, काढणीला वेळ होता. मुलांची शाळा चालू होती, म्हणून लहान पोरं नेली नाहीत.

पैसे

एक नियम पहिल्या दिवशीच केला. गटाच्या कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी कुणाला कर्ज द्यायचं नाही. वेगळी वही, वेगळा डबा. चौदा जणी, महिन्याला २५० रुपये, अठरा महिने. प्रत्येकीचे ४,५०० रुपये आणि सगळ्यांचे मिळून ६३,००० रुपये झाले. एकीचा हिशेब असा होता : प्रवास १,०००, मुक्काम १,५००, जेवण-चहा १,४०० आणि अडीअडचणीला ६००. तुमच्या वेळचे भाव तुम्ही विचारून घ्या, पण शेवटचा आकडा वगळू नका. तो पैसा उरला तर परत मिळतो, नसला तर परगावात हात पसरावे लागतात.

एसटीत १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा चार आणि सात दिवसांचा पासही मिळतो, पण आमच्या अंतराला अर्धं तिकीटच स्वस्त पडलं. दोन्हींची बेरीज करून बघा. निघण्याआधी आगारात जाऊन गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घ्या. सागरी भागात संध्याकाळनंतर गाड्या कमी होतात.

सात दिवस असे गेले

पहिला दिवस : दहिवडीहून सातारा, तिथून मेढामार्गे महाबळेश्वर. साताऱ्याहून साधारण ५५ किलोमीटर अंतर आहे. दुपारपर्यंत पोचलो आणि उरलेला दिवस विश्रांती घेतली.

दुसरा दिवस : सकाळी क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर, वाटेत स्ट्रॉबेरीचं शेत. दुपारी प्रतापगड. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भवानीमातेच्या देवळापर्यंत जावं आणि बसावं. वर गेलंच पाहिजे असं नाही.

तिसरा दिवस : आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड. महाडला चवदार तळ्यावर थांबलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. टँकरच्या रांगेत आयुष्य घालवलेल्या आम्हाला तिथं कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळी हरिहरेश्वर.

चौथा दिवस : हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, मग बागमांडल्याला जाऊन फेरीबोटीने खाडी ओलांडली. ही सावित्रीचीच खाडी. बोटीत गाड्याही चढतात. पलीकडे वेसवीहून गाड्या थोड्या, म्हणून जीप सांगून ठेवली होती. केळशी, आंजर्ले करत मुरुडला मुक्काम.

पाचवा दिवस : दापोली तालुक्यातलं हे मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. विधवांच्या शिक्षणासाठी झटलेले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभारलेले तेच कर्वे. पोरवयात ते परीक्षेसाठी इथून डोंगर चढून पायी साताऱ्याला गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. आपल्याच साताऱ्याला! पुढं त्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघितला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कोळणी बोली कशा लावतात, उधारी कशी मांडतात, हे बघणं म्हणजे आपल्या गटाचं प्रशिक्षणच.

सहावा दिवस : दापोली, खेड, चिपळूण.

सातवा दिवस : कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. इथं धरणाचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे नेतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात. पुढं पाटण, कऱ्हाड. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, ते प्रीतिसंगमावर बघितलं आणि वडूजमार्गे रात्री घरी.

समुद्राची वेळ पंचांगात

आपल्याला विहीर कळते, ओढा कळतो, समुद्र कळत नाही. म्हणून हे नीट ऐका. दिवसात साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी. रोजची वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातले लोक तिथीवरून अंदाज काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आधीमागे, आणि तेव्हा ती जोराची असते, तिला उधाण म्हणतात. हा अंदाज आहे. पाण्यात जायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच.

आमचा चौथा दिवस द्वादशीचा होता. बाराची पाऊणपट नऊ. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागून खडकांवरून जाते आणि भरतीत लाटा तिच्यावर येतात. सकाळी उरकून घेऊ म्हणून दोघी-तिघी निघाल्याही होत्या. कॅलेंडर दाखवून त्यांना थांबवलं. दुपारी पाणी मागे गेल्यावर सगळ्या सावकाश फिरलो. त्यामुळे बोट उशिरा मिळाली, पण ते चाललं.

बाकीचे नियम : गुडघाभर पाण्यापुढे नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढतं, तेव्हा हात धरून उभं राहायचं. लोंबता पदर खोचायचा किंवा ड्रेस घालायचा. अंधार पडल्यावर पाण्यात कुणीच नाही.

तब्येत आणि सामान

घाटात गाडी लागते. पोटभर खाऊन बसू नका, पुढच्या बाजूला बसा, आलेपाक-लिंबू जवळ ठेवा. गोळी हवी तर आरोग्य केंद्रात आधीच विचारून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सात दिवसांच्या सात पुड्या करून हातातल्या पिशवीत, टपावरच्या सामानात नाही. पाळीचं सामान तारीख नसली तरी घ्या. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं सोडा. दर दोन तासांनी थांबायचं, हे जीपवाल्याला आधीच सांगा. महाबळेश्वरला स्वेटर लागतो, किनाऱ्यावर सुती साडी. आधारकार्डाची प्रत प्रत्येकीकडे हवी, मुक्कामाला मागतात. १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ मदतीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, मोबाइल बंद पडतो.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. एका मुक्कामाचे सगळे पैसे फोनवर बोलून आधीच पाठवले. गेल्यावर तीन खोल्यांऐवजी एकच निघाली. चौदा जणी एका खोलीत दाटीवाटीने झोपलो. पुढच्या ठिकाणी थोडीच रक्कम दिली आणि किती खोल्या, किती संडास, गरम पाणी आहे का, हे मोबाइलवर लेखी मागवून घेतलं.

घर कोण बघणार

खरी अडचण पैशाची नव्हती. "जनावरांचं काय?" "आईला भाकरी कोण घालणार?" "बायकांनी कशाला हिंडायचं?" हे प्रश्न चौदाही घरांत झाले. आम्ही उत्तर सावडीत शोधलं. गटात आम्ही अठ्ठावीस. चौदा जणी जायच्या आणि चौदा मागे राहायच्या. मागे राहणाऱ्या प्रत्येकीने एकेक घर वाटून घेतलं : धार काढणं, वैरण, म्हाताऱ्यांचं औषधपाणी. पुढच्या वर्षी त्या जाणार आणि आम्ही त्यांची घरं बघणार. हे वहीत लिहून सह्या केल्या. वही घेऊन घरी गेलो तेव्हा नाही म्हणणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही.

येताना हर्णैहून सुकट-सोडे आणले, वास येऊ नये म्हणून डब्यात घट्ट बंद करून. जाताना नेलेली शेंगदाण्याची चटणी मुक्कामाच्या घरांनी विकत घेतली, आणि आता मागवतातही.

मावशींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. हरिहरेश्वरला त्या पाण्यात उभ्या राहिल्या, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "एवढं पाणी, आणि पिता येत नाही," म्हणाल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपली विहीर बरी, पण बघितलं ते बरं झालं."

यंदा दुसऱ्या चौदा जणी निघतायत. त्यांच्या म्हशी आमच्याकडे. रामराम.