तपासणीचा नियम कां बदलतो ?

घरांतील धाकट्या सुनेस डॉक्टर सांगतात कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पांच वर्षांतून एकदां पुरे. आणि परदेशीं राहणाऱ्या वडील नणंदेस पूर्वीं ती दरसाल करण्याविषयीं बजावण्यांत आलेलें असतें. अशा वेळीं माजघरांत "डॉक्टरांचेंच जर एकमत नाहीं, तर आपण कशाला त्या फंदांत पडा ?" असा उद्गार निघाला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु अशा उद्गारापायीं एखादीचा जीव जाऊं शकतो. म्हणून हा नियम कां बदलतो, हें आज आम्ही वाचकभगिनींस थोडक्यांत सांगणार आहों.

या तपासणीचा पाया न्यूयॉर्क येथें जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीक शास्त्रज्ञानें घातला. त्याची पत्नी मेरी ही कित्येक वर्षें स्वतःवर त्याला परीक्षा करूं देत असे. गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास रोगाचा आरंभ ओळखतां येतो, हें त्यानें हर्बर्ट ट्राउट याजबरोबर १९४३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. परीक्षा उपयुक्त खरी; पण पाहणाऱ्याच्या नजरेंतून एखादी विकृत पेशी निसटण्याचा संभव असतो. एकदां निसटली तर पुढील खेपेस सांपडावी, म्हणून ती दरसाल करण्याचा प्रघात अमेरिकेंत पडला.

पुढें १९८३ सालीं हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं या रोगांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा माग काढला, व त्याबद्दल २००८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु तारुण्यांत पुष्कळ स्त्रियांच्या शरीरांत शिरतो आणि बहुतेकींच्या बाबतींत एकदोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. ज्यांच्या शरीरांत तो ठाण मांडून बसतो त्यांनाच पुढें धोका, आणि तोही बहुधा पुष्कळ वर्षांनीं. तेव्हां अगदीं तरुण मुलींत हा विषाणु शोधणें म्हणजे नाहक उपचार मागें लावून घेणें होय. आणि तिशीनंतर ज्या स्त्रीस तो आढळला नाहीं, तिला दरसाल दवाखान्याची पायरी चढण्याचें कारण उरत नाहीं.

याचा एक मोठा पुरावा आमच्याच मराठवाड्यानें पुरविला आहे. उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत १९९९ सालीं मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं एक प्रयोग आरंभिला. सुमारें १,३१,००० स्त्रियांचे चार गट केले. एकास विषाणूची परीक्षा, दुसऱ्यास पेशींची, तिसऱ्यास शिरक्यांतील आम्लाची, आणि चौथ्यास तपासणी कोठें मिळते एवढीच माहिती. आठ वर्षांत चौथ्या गटांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ या रोगानें दगावल्या. विषाणुपरीक्षेच्या गटांतील ३४,१२६ पैकीं ३४. आणि ही परीक्षा एकदांच झालेली होती ! चौथ्या गटास परीक्षा न देण्यावरून पुढें वाद माजला, व तो अस्थानीं नव्हता. त्या चौसष्ट जणींचें ऋण ध्यानांत ठेवूनच हे आंकडे वाचले पाहिजेत.

आपल्या सरकारनें २०१६ सालीं आंखलेल्या धोरणांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी पांच वर्षांतून एकदां, शिरक्यांतील आम्लाच्या सौम्य द्रावणानें करावी असें आहे. द्रावण लावल्यावर विकृत भाग मिनिटभरांत पांढरा दिसूं लागतो. रीत साधी म्हणून ती हिणवूं नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून सुमारें दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून टाटा स्मारकानें ती अजमावली. एका गटांत आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं तपासणी केली, आणि तेथें या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणुपरीक्षेस अग्रस्थान देऊन, तिशीपासून पांच ते दहा वर्षांच्या अंतरानें ती करावी असें सुचविलें. हा नमुना स्त्रीनें स्वतः एकांतांत घेतला तरी चालतो. संकोचामुळें जी कधींच गेली नाहीं तिची ही मोठीच सोय आहे.

नियम नेहमीं सैलच होतो असें मात्र नव्हे. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीस सरसकट आरंभ पन्नाशीपासून करावा, असें अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २००९ सालीं म्हटलें होतें. चाळिशींतील स्त्रियांत रोग वाढतांना दिसल्यावर २०२४ सालीं तो चाळिशीपासून, दर दोन वर्षांनीं, असा ठरविला. पुरावा जिकडे नेईल तिकडे नियम जातो.

शिवाय हे सर्व नियम निरोगी स्त्रियांसाठीं आहेत. पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त दिसलें, दुर्गंधी स्राव होऊं लागला किंवा स्तनांत गांठ हातास लागली, तर पांच वर्षें भरण्याची वाट न पाहतां लागलींच डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. लस घेतलेल्या मुलींसही पुढें ही तपासणी चुकत नाहीं.

एकत्र कुटुंबांत मामंजींच्या रक्तदाबाची नोंद असते, मुलांच्या लसींचें टिपण असतें. सासूबाईंच्या तपासणीची मात्र एकही तारीख कोठें लिहिलेली नसते. विचारलें तर "मला काय धाड भरली आहे ?" असें उत्तर मिळतें. हा रोग आरंभीं दुखत नाहीं, हेंच त्याचें कपट आहे. म्हणून लेकीसुनांनीं, आणि घरांतील पुरुषांनींही, प्रत्येकीची मागील तपासणी केव्हां झाली हें एकदां विचारावें. "कधींच नाहीं" असें उत्तर आलें, तर कोणती व किती वर्षांनीं हा वाद बाजूस ठेवून तिच्याबरोबर जावें. नियम पुढेंही बदलतील. पहिली तपासणी मात्र राहून जातां कामा नये.