माहुलची हवा आणि एका वाक्यातली गरज

‘माहुलची रहिवासी म्हणून मला परिसरातल्या हवेचा निर्देशांक मोबाइलवर पाहायचा आहे, म्हणजे मुलांना बाहेर खेळायला सोडायचे की नाही हे मला ठरवता येईल.’

सॉफ्टवेअर घडवणारे अशा वाक्याला युजर स्टोरी म्हणतात. कोणाला हवे, काय हवे आणि कशासाठी हवे, हे तिन्ही त्यात यावे लागते. २००१ च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीत हा साचा रुळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात सतरा जणांनी मिळून अजाइल जाहीरनामा लिहिला. शेकडो पानांचा आराखडा आधी रचण्याऐवजी वापरणाऱ्याची एकेक गरज घ्यायची, ती पुरी करून दाखवायची आणि मग पुढे सरकायचे, हा त्यामागचा विचार.

आता ही वाक्येही संगणक लिहून देतो. बैठकीचे टिपण किंवा तक्रारींचा गठ्ठा दिला की काही क्षणांत स्टोरीज तयार, आणि काम पुरे झाले हे कशावरून ओळखायचे त्या कसोट्याही प्रत्येकीखाली मांडलेल्या. वरचे वाक्य असे साधन सहज लिहील. साच्यात चोख बसणारे हे वाक्य माहुलसाठी मात्र धोक्याचे आहे.

मुंबईत चेंबूरजवळ, खाडीकाठी वसलेले माहुल हे मूळचे कोळी-आगरी गाव. त्याच्या आसपास भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि रसायनांच्या साठवण टाक्या उभ्या राहिल्या. पुढे तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवली गेली, तेव्हा तिथल्या कुटुंबांनाही इथल्या इमारतींत धाडण्यात आले. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, उग्र दर्प या इथल्या जुन्या तक्रारी. माहुल-आंबापाड्यातल्या रहिवाशांनी दाद मागितल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने निकाल दिला. त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होती ती बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे बेंझीन, टोल्युइन यांसारखी टाक्यांतून आणि भरणा-उपशाच्या वेळी निसटणारी रसायने.

आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. बेंझीन त्यात नाही. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत त्याची मर्यादा आहे, घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम. पण तीही वार्षिक सरासरीची. शिवाय निर्देशांकातली बहुतेक प्रदूषके चोवीस तासांच्या सरासरीने मोजतात, ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइड आठ तासांच्या. मध्यरात्री तासाभरासाठी आलेला लोट अशा सरासरीत विरून जातो. म्हणजे अ‍ॅप ‘समाधानकारक’ दाखवेल, लिहिलेल्या साऱ्या कसोट्या पार करेल, आणि आई मुलाला बेंझीनच्या हवेत खेळायला पाठवेल.

म्हणूनच स्टोरीज लिहून देणाऱ्या साधनाचे दस्तऐवजीकरण, म्हणजे त्याची माहितीपुस्तिका, मला साधनाइतकीच महत्त्वाची वाटते. बटण कुठे आहे आणि फाइल कशी उतरवायची, एवढ्यावर बहुतेक पुस्तिका थांबतात. औषधाच्या वेष्टनात मात्रेबरोबर निषिद्ध अवस्थाही छापतात, तशी मर्यादांची नोंद इथे पहिल्याच पानावर हवी. वाक्यात ‘कशासाठी’चा भाग कुठून आला? टिपणात तो होता, की साधनाने अंदाजाने जोडला? या दोन्ही गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात. जोडलेल्या भागावर वेगळी खूण नसेल तर अंदाजालाच मागणीचे रूप येते आणि पुढचे सगळे काम त्यावर उभे राहते. कोणते भाषा-प्रारूप, त्याची कोणती आवृत्ती, त्याला दिलेली मूळ सूचना काय, हेही नोंदवायला हवे. कारण तेच टिपण पुन्हा दिले तर वेगळी वाक्ये येऊ शकतात. मराठीतल्या तक्रारींवर ते तपासले आहे का, हे तर आपल्याकडे आवर्जून लिहावे.

वाक्यांची तपासणी यंत्रही करू शकते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी चांगल्या युजर स्टोरीचे तेरा निकष मांडले आणि त्यांतले काही आपोआप तपासणारे ‘अकूसा’ हे साधन बनवले. अपुरे वाक्य, एकात कोंबलेल्या दोन मागण्या, पुनरुक्ती असे दोष ते पकडते. बेंझीन राहून गेले, हे त्याला कसे कळणार? जाहीरनामा लिहिणाऱ्या सतरा जणांपैकी रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्येच स्टोरीची तीन अंगे सांगितली होती: कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड यंत्र लिहून देते, खातरजमेचा कच्चा मसुदाही देते. संवादासाठी आंबापाड्यात जाऊन बसावे लागते.

पुस्तिकेत उदाहरणे नेहमी यशाची असतात. माझ्या मते माहुलचे हे वाक्य तिथे फसलेले उदाहरण म्हणून छापावे आणि त्याखाली साधनाने विचारायला हवे होते ते प्रश्न द्यावेत: कोणता वायू, किती मिनिटांच्या सरासरीने, कोणत्या केंद्रावर मोजलेला, ते केंद्र घरापासून किती दूर, आणि मोजमापच उपलब्ध नसेल तेव्हा पडद्यावर काय दिसणार.