मध्यरात्रीची स्टीपलचेस

ऑलिंपिकमधील कोणत्या खेळासाठी भारतीय प्रेक्षकाला रात्र जागवावी लागणार, हे यजमान शहराच्या घड्याळावर ठरते. पॅरिसचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास मागे असल्यामुळे २०२४ साली तेथील धावण्याच्या शर्यतींचे संध्याकाळचे सत्र येथे मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू असे. ८ ऑगस्टच्या रात्री सव्वाएकच्या सुमारास पुरुषांची ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत सुरू झाली आणि तीत बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे धावत होता. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष.

या शर्यतीत धावपटूला २८ अडथळे आणि पाण्याचे सात खड्डे ओलांडावे लागतात. हर्डल्समधील चौकट पाय लागताच पडते, येथील ९१.४ सेंटिमीटर उंचीचा जाड लाकडी अडथळा मात्र जागचा हलत नाही, म्हणून पाण्यापाशी बहुतेक धावपटू त्यावर एक पाय रोवून पुढे झेपावतात. खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असून पुढे उथळ होत जात असल्याने झेप जितकी लांब, तितके पाणी कमी लागते. त्या रात्री शेवटच्या फेरीत विश्वविक्रमवीर लामेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले.

जगभर दिसणारी मूळ दृश्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची स्वतःची प्रसारणसंस्था पुरवते. तिचा कॅमेरा साहजिकच आघाडीवर असतो, त्यामुळे मागे पडलेला आपला धावपटू शोधण्यासाठी प्रेक्षकाला दुरून घेतलेल्या दृश्याची वाट पाहावी लागते, आणि समालोचकही पदकापलीकडे फारसे बोलत नसल्याने ही अडचण वाढते.

मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत सुवर्ण जिंकले. साबळे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. टोकियोत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा तत्कालीन राष्ट्रीय विक्रम करूनही ज्याला अंतिम फेरी मिळाली नव्हती, त्याची ही धाव पदकतक्त्यात शोधून सापडणार नाही. ती पूर्ण पाहणाऱ्यालाच कळते.

२०२८ साली लॉस एंजेलिसचे घड्याळ साडेबारा तास मागे असेल. तेथील संध्याकाळी सातची शर्यत महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दिसेल.