नव्या बंदुकीत काडतूस अडकते तेव्हा

निवडणूक जाहीर झाली, की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत एक ठरलेले काम सुरू होते. छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. बंदुका येतात, क्रमांक तपासून नोंद होते, पावती हातात पडते. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या ठाण्यालाही हे काम चुकत नाही. आचारसंहिता उठेपर्यंतच्या आठवड्यांत त्या बंदुकीला मालकाचा हात लागत नाही. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून चोपडलेले दाट ग्रीस नव्या बंदुकीच्या अंगावर असेल, तर ते तसेच राहते आणि धूळ धरते. पुढे कधी तरी बार काढायची वेळ येते. आवाज होतो, खांद्याला धक्का बसतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडायचे नावच घेत नाही.

बीड जिल्ह्यात बंदुकीचा विषय वेगळ्याच कारणाने ओळखीचा झाला आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली, अनेक परवाने रद्दही केले. ते आवश्यकच होते. पण कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांच्या गदारोळात दुसरा एक बंदूकधारी नजरेआड राहतो. तो बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीत बसलेला असतो, बहुधा सैन्यातून निवृत्त होऊन आलेला. रानडुकरांच्या त्रासापायी पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेला शेतकरीही याच गटातला. परवाना असला तरी वन्यप्राण्यावर बंदूक चालवायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे त्याला माहीत असते. या दोघांच्या हातात बहुतेक वेळा बारा बोअरची बंदूक असते, आणि ती अडकली तर काय करायचे हे त्यांना कुणी नीट सांगितलेले नसते.

‘बारा बोअर’ हे माप जुन्या काळातले आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. मराठवाड्यात आजवर ओळखीची होती ती दुनळी: मधून मोडायची, दोन काडतुसे घालायची, दोन बार काढायचे, पुन्हा मोडायची. नव्याने हाती येणाऱ्या पंप बंदुकीची रीत निराळी. नळीखाली आणखी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. पुढची मूठ मागे ओढली की बोल्ट मागे सरकतो, त्याचा आकडा रिकाम्या काडतुसाची कड पकडून ते खिडकीतून बाहेर फेकतो आणि खालून नवे काडतूस वर उचलले जाते. मूठ पुढे ढकलली की ते नळीच्या मागच्या टोकाच्या चेंबरमध्ये जाऊन बसते. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर विंचेस्टर कंपनीने काढलेली 1897 ची पंप बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत इतकी वापरली, की सप्टेंबर 1918 मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता.

या सगळ्या हालचालीला लागणारी ताकद माणसाच्या हातातूनच येते. म्हणून अडकण्याचे पहिले कारणही तिथेच शोधावे लागते. दुनळीची सवय असलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो, किंवा ओढतो पण हलक्या हाताने. रिकामे काडतूस अर्धे बाहेर येऊन खिडकीतच चिमटते आणि खालचे नवे त्याला मागून धडकते. बंदुकीत काडीचाही दोष नसतो. मूठ शेवटपर्यंत, न थांबता, जोर लावून मागे आणि तशीच पुढे न्यायची असते. काही जुन्या आराखड्यांत कुलूप सुटायला मूठ आधी किंचित पुढे जावी लागते. बार उडाल्यावर धक्क्याने ते आपोआप होते, पण काडतूस फुसके निघाले तर होत नाही, आणि मालकाला वाटते बंदूक बिघडली.

दुसरे कारण चेंबरमध्ये असते आणि नव्या बंदुकीत ते जास्त भेटते. बार उडताना काडतुसाच्या आत मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीनशे पटींच्या घरातला दाब तयार होऊ शकतो. त्या दाबाने काडतुसाची भिंत फुगून चेंबरला चिकटते, म्हणून वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती पुन्हा आकसली पाहिजे. पितळी बूड असले तर ते चांगले आकसते. स्वस्त काडतुसांचे बूड मात्र वरून पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते आणि ते तितके मागे येत नाही. त्यात चेंबर आतून खडबडीत राहिले असेल किंवा ग्रीसमध्ये काळ्या रानाची धूळ कालवली गेली असेल, तर काडतूस तिथेच घट्ट बसते. अमेरिकेत अतिशय खपलेल्या एका पंप बंदुकीच्या स्वस्त आवृत्तीबद्दल अगदी हीच तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली: बंदूक नवी, काडतूस स्वस्त आणि चेंबर नीट गुळगुळीत न केलेले. चांगल्या प्रतीचे काडतूस घातले की तीच बंदूक सुरळीत चाले.

महाराष्ट्रात बारा बोअरचे काडतूस म्हटले की ‘शक्तिमान’ हे नाव येते. 1869 मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याशी ते जोडलेले आहे. काडतूस कोणतेही असो, खोक्यावरची लांबी वाचायलाच हवी. पासष्ट आणि सत्तर मिलिमीटर हे आकडे बार उडून तोंड उघडल्यानंतरच्या काडतुसाचे असतात. म्हणून सत्तरचे काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये सहज शिरते आणि इथेच माणूस फसतो. त्याचे तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. चेंबरचे माप नळीवर कोरलेले असते, ते खोक्याशी जुळवून पाहावे. पावसाळा काढलेली कागदी काडतुसे फुगलेली असतील तर वापरूच नयेत.

प्रत्यक्ष बंदूक अडकते त्या क्षणी पहिली आठवण नळीच्या तोंडाची ठेवायची. ते कुणीही नसलेल्या दिशेला असावे, आणि काहीही झाले तरी तसेच राहावे. चाप ओढूनही आवाज झाला नसेल तर निदान तीस सेकंद थांबायचे, कारण दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार अजिबात काढायचा नाही. नळीत काहीतरी अडकलेले असू शकते, आणि पुढच्या बाराला नळी फुटते. त्यानंतर खिडकीतून नुसते पाहावे. काडतूस चेंबरमध्येच असेल तर दोष बहुधा चेंबरचा, काडतुसाचा किंवा आकड्याचा. खिडकीत चिमटले असेल तर हाताचा. नवे काडतूस खालीच अडले असेल तर ते वर उचलणाऱ्या भागाचा. दस्ता जमिनीवर आपटून मूठ सोडवायची युक्ती काही जण करतात. आत जिवंत काडतूस असेल तर ती युक्ती जीव घेऊ शकते.

बंदूक रिकामी झाल्यावर चेंबर द्रावणाने आणि ब्रशने स्वच्छ करून कोरडे पुसावे, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. मग परवानगी असलेल्या रेंजवर चांगल्या प्रतीची काडतुसे घेऊन तपासावी. तरीही अडकलीच, तर ती कंपनीच्या विक्रेत्याकडे किंवा परवानाधारक कारागिराकडे जायला हवी. बाजारातला लेथवाला पाच मिनिटांत चेंबर घासून देतो, पण त्याने माप बिघडते, कंपनीची हमी जाते आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करणे हा गुन्हा आहे. लग्नाच्या वरातीत ‘एकदा तपासून पाहू’ म्हणून हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे.

दुरुस्तीला निघण्याआधी एक गोष्ट विसरू नका. चेंबर आणि खालची नळी रिकामी आहे का, हे डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही तपासा. पंप बंदुकीच्या खालच्या नळीत राहिलेले एक काडतूस बाहेरून दिसत नाही.