विश्लेषण : ‘डक हंट’ची बंदूक आजच्या टीव्हीवर का चालत नाही?

जुने व्हिडिओ गेम आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या बंदुका जमवण्याचा छंद जगभर वाढतो आहे. मात्र माळ्यावरची बंदूक काढून ती नव्या एलईडी टीव्हीसमोर रोखली, तर एकही बदक पडत नाही. बंदूक धडधाकट असली तरी असे होते. त्यामागे आहे पडद्याचे तंत्रज्ञान.

बंदुकीतून नेमके काय सुटते?

काहीच नाही. निन्टेन्डोची ‘झॅपर’ बंदूक प्रकाश सोडत नाही, ती प्रकाश टिपते. तिच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर असतो. चाप ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदके असतील, तर चौकोन एकामागून एक येतात. त्यामुळे कोणते पडले हे गेमला कळते. अमेरिकेतील टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रे उमटत, त्यामुळे खेळणाऱ्याला फक्त एक लुकलुक जाणवे.

बल्बकडे रोखून फसवता येईल का?

नाही. बल्ब सतत पेटलेला असल्याने काळ्या क्षणीही सेन्सरला उजेड दिसतो आणि गेम तो नेम बाद ठरवतो. शिवाय पिक्चर ट्यूबवर इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ रेखाटतो. त्या ठरावीक वेगाने चमकणारा प्रकाशच झॅपर मानते.

मग नव्या टीव्हीवर अडते कुठे?

एलसीडी किंवा एलईडी टीव्ही आलेल्या चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग ते दाखवतो. हा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो, पण पांढरा चौकोन उमटेपर्यंत गेमची तपासणी संपलेली असते. त्यात झोताची ती विशिष्ट लुकलुकही नसते. परिणामी नेम कितीही अचूक असला, तरी कुत्रा हसतोच.

संग्राहक काय जमवतात?

‘डक हंट’ जपानमध्ये १९८४ मध्ये आला. अमेरिकेतील झॅपर आधी राखाडी होती. खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून ती पुढे नारिंगी झाली. हे दोन्ही रंग संग्रहात हवेच असतात. सेगाची ‘लाइट फेझर’, खांद्यावर धरायची ‘सुपर स्कोप’ (१९९२) आणि ‘टाइम क्रायसिस’साठीची नामकोची ‘गनकॉन’ यांनाही मागणी असते. भारतात १९९०च्या दशकात निन्टेन्डोच्या धर्तीवरचे स्वस्त ‘टीव्ही गेम’ घरोघरी आले. त्यांतल्या काही संचांत बंदूकही असे. त्यांचे जोडणीचे टोक मूळ यंत्राला बसेलच असे नाही, हे घेण्याआधी तपासावे.

परदेशातून मागवताना काय पाहावे?

अमेरिकेतील अडॅप्टर १२० व्होल्टसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावल्यास जळेल. तिथले यंत्र एनटीएससी पद्धतीचे, तर आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे. त्यामुळे चित्र कृष्णधवल येणे किंवा वर-खाली सरकणे असे प्रकार होतात. दोन्ही पद्धती चालणारा टीव्ही शोधावा.

पर्याय आहे का?

आहे. ‘सिंडन’ बंदुकीत कॅमेरा असतो. पडद्याभोवतीची पांढरी चौकट पाहून ती नेम ओळखते. इतर काही बंदुका टीव्हीजवळ लावलेल्या इन्फ्रारेड दिव्यांवरून नेम ठरवतात. त्या प्रामुख्याने संगणकावर चालवलेल्या जुन्या गेमसाठी वापरल्या जातात. २०१४ मध्ये निन्टेन्डोनेही वी यू यंत्रावर ‘डक हंट’ रिमोटने खेळण्याची सोय दिली.

खरा प्रश्न कशाचा?

प्लॅस्टिकची बंदूक कपाटात अनेक वर्षे टिकते. पिक्चर ट्यूबचे टीव्ही मात्र आता बनत नाहीत आणि उरलेले भंगारात चालले आहेत. म्हणूनच जाणकार संग्राहक बंदुकीआधी चालू स्थितीतला डबा टीव्ही मिळवतात. तो घेताना चित्र लावून पाहावे आणि मागचे झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. घरात असा टीव्ही असेल, तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा विचार करायला हरकत नाही. कुणाच्या तरी संग्रहातली बंदूक त्याच्यावाचून मुकी पडलेली असू शकते.